राणीचा रंग

तात्यांनी माझा लॅपटॉप बंद केला. स्वतःच्या हातानं. मी अजून मांडवाच्या सजावटीचा तिसराच फोटो दाखवत होतो.

"हे तुझं तुझ्याकडं ठेव," ते म्हणाले. "पाट आहे हा. देवळात जायचं, दोन हार घालायचे, पेढे वाटायचे. त्याला झुंबरं लागत नाहीत."

सोप्यात सात-आठ माणसं बसली होती. मी वायर गुंडाळायला लागलो. एवढ्यात चौकटीला टेकून उभी असलेली हेमाताई म्हणाली, "उघड तो. चौथा राहिला बघायचा."

मी एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आणि उघडला. का उघडला माहीत नाही. धंदा नवीन होता, गिऱ्हाईक ती होती, एवढंच असेल.

पाट म्हणजे काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. रात्री घरी आईला विचारलं. विधवा बाईचं दुसरं लग्न म्हणजे आमच्याकडं लग्न नसतं, पाट असतो. लग्न होतं, पाट लावतात. तोही दिवे लागल्यावर, वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णी तिकडं फिरकत नाहीत. आई म्हणाली, तिच्या लहानपणी एकीचा लागला होता तर उजाडायच्या आत दोघांना गावाबाहेर काढून दिलं होतं, सकाळी सकाळी कुणाला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून. आणि तात्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या घराण्यात तर तेवढंही कधी झालेलं नाही, ही पोरीची हौस म्हणून ते अंधारातलं तरी चालवून घेतायत.

तात्या म्हणजे हेमाताईचे चुलते. वाघजाईवाडीतलं मोठं नाव. तिचे वडील लवकर गेले, त्यामुळं घरातला शेवटचा शब्द तात्यांचा. तिची आई, आक्का, भिंतीला टेकून बसायच्या आणि दीर बोलायला लागले की पदर पुढं ओढायच्या.

हेमाताई तेव्हा बत्तिसाची असेल. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायचं काम, सगळ्या देशात पसरलेली. तिचा नवरा संग्राम त्रिशूरला दुकान चालवायचा. मोटरसायकलवरून जाताना गेला. मूलबाळ नव्हतं. नंतर दीड वर्षं दुकान तिनंच चालवलं, भट्टीपाशी उभं राहून, मग दिराला दिलं आणि आईजवळ परत आली. विट्यात ठिबकचं दुकान असलेल्या हणमंत जगदाळेशी तिचं जमलं. हणमंतराव पहिल्याच वेळचे. छत्तीस वय, लग्न जुळत नव्हतं, आणि जुळलं ते स्वतःच जुळवलं. घरच्यांना सांगताना म्हणे त्यांनी एवढंच सांगितलं की मला हीच पाहिजे, बाकी तुमचं चालू द्या.

तर त्या दिवशी तात्यांसमोर चौथा फोटो बघून झाल्यावर हेमाताई मला म्हणाली, "असंच पाहिजे. बग्गी. पांढरी कमान. मधून लांब गालिचा, दोन्हीकडं खुर्च्या. मुहूर्त दुपारचा. भर दुपारचा."

"आणि खर्च?" तात्या म्हणाले.

"माझा," ती म्हणाली. "आणि पाट नाही, लग्न आहे. तेवढं बोलताना बघा."

तात्या उठले आणि जाता जाता सांगून गेले की त्यांच्या घरातलं एक माणूस त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही. आक्का रडायला लागल्या. रडण्याचं कारण मला तेव्हाच कळलं, कारण त्या हळू आवाजात पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. घरचं कुणी नाही आलं तर ते लग्न कसलं, ते परत पाटच झालं. लपूनछपून.

मला वाटतं हेमाताईलाही तेच लागलं होतं. तिला नुसतं लग्न नको होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाहिजे होतं.

आता माझं सांगतो. बारावीत नापास झालो, मग परत झालो, मग सोडून दिलं. वडलांचा स्पीकर आणि मांडवाचे पडदे भाड्यानं द्यायचा धंदा. मी त्याला इव्हेंटचं नाव दिलं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. फुलांची कमान कशी बांधायची, पडद्याला चुण्या कशा टाकायच्या, सगळं तिथंच. माझ्या पेजवर "रॉयल व्हिक्टोरियन थीम" असं टाकलेलं होतं. ते मी दिल्लीच्या कुणाच्या तरी पेजवरून उचललं होतं. मला वाटायचं सोनेरी खुर्च्या ठेवल्या की व्हिक्टोरियन. हेमाताईनं ते वाचूनच फोन केला होता.

पहिल्यांदा मला ती फार भारी कल्पनांची वाटली. नवरा गेलेला, गाव विरोधात, आणि हिला बग्गी पाहिजे. लेस पाहिजे. मेणबत्त्यांचे उंच स्टँड पाहिजेत. व्हायोलिनवाला पाहिजे. मी एकदा विचारलंही, ताई, आपलंच साधं मराठमोळं केलं तर, पैठणी, नथ, सनई, लोकांना पण पटेल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं व्हायोलिनवाल्याचा नंबर शोधायला लागलो. सांगलीच्या ऑर्केस्ट्रातला एकजण मिळाला. त्याला म्हणलं, काहीतरी इंग्लिश वाजव. तो म्हणाला, येतंय की.

मग एक दिवस मालन काकी आल्या.

मालन काकी म्हणजे तात्यांची बायको. मी आक्कांच्या रानात मांडवाची मापं घेत होतो. वेशीजवळचं रान, ज्वारी काढून मोकळं झालेलं. काकी बांधावरून आल्या, डोक्यावर पदर, हातात विळा, जणू गवताला निघाल्यात. इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "हळद कोण लावणार हाय?"

मी म्हणलं, मला काय माहीत.

त्या सांगायला लागल्या. आक्का लावू शकत नाहीत, त्या विधवा. घरातली मोठी सवाष्ण म्हणजे त्या स्वतः, पण त्यांना तात्यांनी बजावलंय, जायचं नाही. बाकीच्या जावा त्यांच्याकडं बघून चालणार. मग पोरगी बिनहळदीची उभी राहणार का, हा त्यांचा प्रश्न होता. हेमा त्यांच्या मांडीवर वाढलेली. पहिल्या लग्नात हळद त्यांनीच लावली होती. हे त्यांनी सांगितलं नाही, मला नंतर कळलं. त्या फक्त विळ्यानं ढेकळं फोडत होत्या.

आणि मी बोलून गेलो.

"ह्यात हळद नसते काकी."

"नसते?"

"नाही. व्हिक्टोरियात हळद नाहीच."

त्यांनी विळा थांबवला. "मग ओटी?"

"ओटी पण नाही."

"मग सवाष्णी काय करतात?"

"काय नाही. खुर्चीवर बसतात. बघतात."

काकींच्या तोंडावरून काहीतरी उतरलं. राग की ओझं, मला ओळखता आलं नाही. त्या म्हणाल्या, बरंय बाबा तुमचं, आणि गवत न कापताच गेल्या.

पण त्या दिवसापासून माझी भटजी म्हणून नेमणूक झाली. खरंच सांगतो. गावातल्या बायका मला फोन करायला लागल्या. ह्यात नवरीला मांडवात कोण आणतं? मी म्हणायचो, वडील, आणि वडील नसले तर आई. आईच पाहिजे, दुसरं कुणी चालत नाही. पण आई तशी असली तर? तशी म्हणजे कशी, असं मी विचारायचो, आणि पलीकडं गप्प. मग मीच सांगायचो, कशीही असली तरी चालते, नियमच आहे तो. पहिल्या रांगेत कोण बसतं? आई. अंगठी कोण देतं? कुणीही. नवरा पहिल्या वेळचा आणि नवरी दुसऱ्या वेळची असली तर आधी काय करावं लागतं? काहीच करावं लागत नाही, मावशी.

हा शेवटचा प्रश्न हणमंतरावांच्या आईचा होता. त्यांचं म्हणणं, बिनलग्नाच्या पोराला विधवा बायको करायची तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायला पाहिजे, म्हणजे दोघंही दुसऱ्या वेळचे होतात. हणमंतराव दुकानात पाईप मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "रुईला विचारलंय का पण, मी पसंत आहे का?" त्यावर विषय मिटला.

खोटं बोलत होतो का मी? होय, निम्मं खोटं. मला नियम माहीतच नव्हते. पण त्यांनाही माहीत नव्हते. मला त्याचं तेव्हाही काही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

तात्या कसे वळले ते गंमतच. शेजारच्या गावात एका गलाईवाल्यानं पोरीच्या लग्नात हत्तीचा पुतळा उभा केला होता, फायबरचा, सोंडेतून पाणी उडायचं. तात्यांच्या ते मनात बसलेलं. आमची बग्गी मिरजेहून येणार, दोन पांढरे घोडे, हे त्यांच्या कानावर गेलं. एका सकाळी मला थांबवून त्यांनी विचारलं की बग्गी कुठल्या रस्त्यानं येणार. मी म्हणलं, मारुतीपासनं सरळ. ते म्हणाले, आमच्या दारावरनं घे की, रस्ता रुंद आहे. मी म्हणलं, घेतो की. तेवढ्यावर ते आलेच. पाट हा शब्द सोडला नाही, पण फेटा बांधायला कोल्हापूरचा माणूस सांगितला. नवरीनं शालू नेसावा, डोक्यावर पदर असावा, बाकी तुमचं राजेशाही काय ते करा, असा निरोप आला.

आक्का हसल्या त्या दिवशी. पहिल्यांदा बघितलं मी त्यांना हसताना.

आणि आता तो कपड्याचा विषय.

मिरजेत एक बाई ख्रिश्चन लग्नांचे गाऊन शिवायच्या. हेमाताईनं त्यांच्याकडं माप दिलं होतं. लांब बाह्या, गळ्यापर्यंत लेस, मागं जमिनीवर लोळणारं लांब शेपूट. पांढरा. पांढराशुभ्र. हे फक्त तिला, मला आणि हणमंतरावांना माहीत होतं. आमच्याकडं पांढरं कोण नेसतं ते सांगायला नको.

मालन काकींनी मला बाजारात गाठलं. चार जावा बरोबर होत्या. म्हणाल्या, नवरीच्या कपड्याचा रंग कुठला, आम्हाला तसंच काहीतरी घ्यायचंय.

मी अडकलो. पांढरा म्हणालो असतो तर त्याच दिवशी सगळं बंद पडलं असतं. पण तोवर मी व्हिडिओ बघून एक गोष्ट शिकलो होतो. व्हिक्टोरिया राणीनं स्वतःच्या लग्नात पांढरा झगा घातला, आणि तिच्यापासूनच ती पद्धत पडली. म्हणून मी म्हणलं, "राणीचा रंग आहे काकी." आणि हे खरं बोललो.

काकी खूष झाल्या. "राणी कलर होय. मग छानच की."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत त्या दुकानात शिरल्या होत्या. राणी कलर. गडद गुलाबी. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला झोपेतनं उठवून विचारा, राणी कलर कुठला, ती हेच सांगणार. दोन दिवसात गावात तोच विषय. विट्याच्या दुकानातल्या राणी कलरच्या साड्या संपल्या, मग बायका टेम्पो करून कराडला गेल्या. ड्रेस कोड आहे म्हणे लग्नात, असं एकमेकींना सांगत होत्या.

मी घाबरून हेमाताईला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून नुसता हुंदक्यासारखा आवाज. मला वाटलं रडतीय. ती हसत होती. हसून हसून श्वास लागला होता तिला.

"सांगू का ताई त्यांना?"

"नको. नेसू देत."

"पण त्या दिवशी—"

"त्या दिवशीचं मी बघते."

लग्नाचा दिवस माघातला. ऊन कोवळं होतं सकाळी, दुपारी चढलं. रानाच्या मधोमध कमान उभी, निशिगंध आणि पांढऱ्या शेवंतीनं भरलेली. फायबरचे खांब. वर झुंबरं. भर उन्हात झुंबरं कशी दिसतात सांगू, ती दिसतच नाहीत. मेणबत्त्या वाऱ्यानं टिकेनात, शेवटी नुसतेच स्टँड ठेवले. पण गालिचा मस्त होता. लाल, लांब, रस्त्यापासून कमानीपर्यंत. आणि खुर्च्यांवर बायका. मी आयुष्यात तसलं दृश्य परत बघितलं नाही. शंभरभर बायका आणि सगळ्या एका रंगात. रानात कुणी गुलाल ओतून ठेवावा तसं. एकमेकींचे पदर बघत होत्या, तुझा जरा फिकट आला, माझा बरोबर आहे. मालन काकी पुढून दुसऱ्या रांगेत, काठापदराची, एकदम ठसठशीत.

पुरुष दुसऱ्या बाजूला. तात्या पुढं, कोल्हापुरी फेटा, मिशीला तूप लावल्यासारखी चमक. बग्गीतून हणमंतराव उतरले तेव्हा तात्यांनीच त्यांना हात दिला. भटजी मी कराडहून आणले होते, गावातले येणार नव्हते.

मी आक्कांच्या घरी गेलो, नवरीला घ्यायला. रानाला लागूनच घर. हेमाताई माजघरात उभी होती, गाऊन घालून, आणि आक्का तिच्या मागं शेपूट सरळ करत होत्या. आक्कांनीही राणी कलर नेसला होता. कधीपासून पेटीत पडलेली साडी असावी, घड्या तशाच दिसत होत्या.

पुढं काय होणार ते मला दिसत होतं. मी विचारलं, "ताई, आता तरी सांग. हे सगळं असलंच का पाहिजे होतं तुला? शालू नेसून भर दुपारी लग्न केलं असतंस तरी जिंकली असतीस की."

ती आरशात बघत होती. म्हणाली, "त्रिशूरला आमच्या खोलीसमोर चर्च होतं. संग्राम गेला त्याच्या नंतरची गोष्ट. तिथं एक लग्न बघितलं खिडकीतनं. खालच्या बाईनं सांगितलं, नवरी विधवा आहे. तिची आईही विधवा. आई सगळ्यांत पुढं बसली होती."

"म्हणून तुला ते आवडलं."

"आवडलं म्हणून नाही रे. त्यांचेही असतील की नियम, बायकांना कुठं अडवायचं ह्याचे. ते मला माहीत नव्हते, एवढंच." ती वळली. "आपल्या लग्नात कुठंही हात लावायला जा, कुणीतरी म्हणतं, तू नको. हळदीला तू नको. ओटीला तू नको. ओवाळायला तू नको. तीन वर्षं ऐकतीय. म्हणलं, असलं लग्न करायचं की त्यात 'तू नको' कुठं म्हणायचं हेच गावात कुणाला ठाऊक नसेल."

मी दार उघडलं.

व्हायोलिन सुरू झालं. आक्कांचा हात धरून ती गालिच्यावर आली. उन्हात तो पांढरा रंग डोळ्यांवर आला एकदम.

आधी नुसती कुजबुज झाली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग पुरुषांकडून कुणीतरी म्हणालं, अरे हे काय. बायका एकमेकींच्या साड्यांकडं आणि तिच्याकडं बघत राहिल्या. तात्या उठले आणि गालिच्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. व्हायोलिनवाला थांबला.

ते तिच्याशी बोलले नाहीत. माझ्याकडं वळले.

"राणी कलर म्हणला होतास ना रे तू?"

"राणीचा रंग म्हणलो होतो," मी म्हणलं. "व्हिक्टोरिया राणीनं लग्नात पांढराच घातला होता. तिच्यापासनंच पडलीय ही पद्धत."

मला वाटलं ह्यावर ते गप्प होतील. आतापर्यंत माझ्या नियमावर गावातलं कुणी बोललं नव्हतं. पण तात्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि हवेत धरला.

"मी पण बघितलंय ह्याच्यात. तुला काय वाटलं, आम्ही अडाणी? तुझी ती राणी नवरा मेल्यावर चाळीस वर्षं काळ्या कपड्यात राहिली. मरेपर्यंत. दुसरं लग्न केलं नाही तिनं. हे का नाही सांगितलंस ह्या बायकांना?"

खरं होतं ते. मीही वाचलं होतं. मी खाली बघितलं. कमानीखालून हणमंतराव निघाले होते तिच्याकडं यायला, तिनं हातानं खूण केली, थांबा तिथंच.

"खरंय तात्या," हेमाताई म्हणाली. "राहिली ती काळ्यात."

"मग?"

"तिला कोण म्हणलं होतं का, काळं घाल म्हणून? राणी होती ती. तिला कोण सांगणार. तिच्या मनात होतं, तिनं काळं घातलं. माझ्या मनात आहे, मी पांढरं घातलंय." मोठ्यानं नाही बोलली. पण मागच्या रांगेपर्यंत गेलं. "तुमच्या मनात नसेल तर तुम्ही थांबू नका. मी राग धरणार नाही."

आक्कांनी पदर पुढं ओढला नाही, हे मी बघितलं.

तात्यांनी एकदा मांडवाकडं बघितलं. मग म्हणाले, "चला रे." आणि निघाले. त्यांच्याबरोबर पुरुषांच्या दोन रांगा उठल्या. मग तिसरीतले निम्मे. खुर्च्या पडल्या काही. मी पळत जाऊन त्या सरळ करायला लागलो, मागची माणसं पुढं घ्यावीत म्हणून हात करायला लागलो, तर हेमाताई म्हणाली, "असू दे. रिकाम्या दिसू देत."

रस्त्यापाशी जाऊन तात्या थांबले. मागं वळले. त्यांना वाटलं होतं घरातल्या बायका पाठोपाठ येतायत. कुणीच येत नव्हतं. ती सगळी गुलाबी बाजू जागच्या जागी बसलेली. काहीजणी मांडीवरच्या हाताकडं बघत होत्या, काहीजणी समोर. उठली एकही नाही.

"मालन," तात्यांनी हाक मारली. लग्नाच्या बायकोला नावानं हाक मारत नाहीत ते. त्या दिवशी मारली.

काकींनी मान वळवली नाही.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी जेवून येते."

कुणीतरी हसलं. मग पदर तोंडावर घेऊन अजून दोघी-चौघी. तात्या क्षणभर उभे राहिले आणि मग त्यांचा फेटा कुंपणापलीकडं दिसेनासा झाला.

मी व्हायोलिनवाल्याला खूण केली. त्याला काय वाजवायचं ते आठवेना बहुतेक, त्यानं मधूनच कुठून तरी धरलं. हेमाताईनं पाऊल टाकलं आणि थांबली. शेपूट अडकलं होतं. गालिचा जिथं सुरू होत होता तिथं मी खिळा ठोकला होता, लेस त्यात गेली होती. ती वाकू शकत नव्हती, आक्कांना दिसत नव्हतं. मी लांब होतो.

मालन काकी उठल्या. रांगेतल्या बायकांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर आल्या. गालिच्यावरून मागं येऊन खिळ्यापाशी बसल्या, लेस हळूच सोडवली, मग ते सगळं लांबलचक पांढरं कापड दोन्ही हातांनी गोळा करून छातीशी धरलं. बांगड्या वाजल्या.

"एवढं लांब कुणी शिवतं का गं," त्या म्हणाल्या. "सगळी माती गोळा करत निघालीयस."

हेमाताईनं मागं वळून बघितलं.

"बघतीस काय," काकी म्हणाल्या. "चल आता. ऊन लागतंय."